इली, इल्ली

दयानंदनं कॉलेजच्या प्रयोगशाळेतून आणली तेव्हा
पिंजऱ्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा. सतरा.
प्रयोग संपला मामा, म्हणाला, ही उरली.
शेजारची नीलव्वा खिडकीतून डोकावली,
सुतावर जगणाऱ्याच्या घरात उंदीर?
तिच्या भाषेत उंदराला इली म्हणतात.
तेच नाव राहिलं.

वडगावात आमच्या गल्लीत
सकाळी सहाला माग सुरू होतात.
भिंती थरथरतात, फळीवरची भांडी एकमेकांना ढोसतात,
आणि इली माझ्या बंडीच्या खिशात
पाय पसरून झोपायची.
सुताला तिनं कधी दात लावला नाही.
खोटं कशाला, एकदा लावला,
जांभळ्या रेशमाची कांडी.
ती मी मालकापासून लपवली.

आंधळी कधी झाली ते सांगता येणार नाही.
महिनाभर तरी कळलंच नाही,
कारण घरात काही हललंच नव्हतं.
मग अमावास्येला शालननं फरशी धुतली,
पाण्याची वाटी खिडकीकडे सरकवली,
आणि इली जुन्या जागी जाऊन
कोरड्या फरशीला जीभ लावत राहिली.
दोनदा. तीनदा.

टिळकवाडीचे डॉक्टर तसे म्हशींचे, कुत्र्यांचे.
बॅटरी मारली. तांबड्या डोळ्यांत काही हललं नाही.
पांढऱ्या उंदरांचे डोळे उजेडानंही जातात, म्हणाले,
आणि लिहायला काढलेलं पेन
तसंच खिशाला लावलं.
मला आमची ट्यूबलाइट आठवली,
रात्रपाळीभर तिच्या डोक्यावर जळणारी.

त्या रात्री हात घातला तर चावली.
करंगळीला, खोल.
रागावलो नाही असं नाही.
पण गेल्या वर्षी मुकादमानं पाठीमागून
खांद्यावर हात ठेवला तेव्हा मीही
शिवी हासडून कोपर मारलं होतं.
त्याच्या तीन हाका मला पोचल्याच नव्हत्या.
सव्वीस वर्षांत मागानं डावा कान खाल्ला,
उजवा चाखून ठेवलाय.

तेव्हापासून आधी हाक.
मग दोन बोटं फळीवर टकटक.
मग हात, तोही उपडा, हुंगायला.
इली, इल्ली बा. इली, इकडे ये.
नीलव्वा हसते. एका 'ल'चा तर फरक, अण्णा,
उंदीर आणि इथं यांच्यात.

शिडी काढली. वरचा मजला खाली आणला.
झोपाळ्याच्या जागी माझी जुनी टोपी.
वाटीखाली जिऱ्याच्या वासाची चिंधी,
झोपायच्या डब्यात न धुतलेली बंडी,
आणि डब्यापासून वाटीपर्यंत
बाद झालेल्या लुगड्याचा रुईफुली काठ
खळीनं फरशीला चिकटवला.
मधलं कापड तिच्या कामाचं नाही.
मिशा काठाला लावून चालते.
एका जागी हमखास थांबते,
जिथं माझा एक धागा चुकलाय.
मालकाच्या भिंगाला तो सापडला नव्हता.

एखाद्या दिवशी सगळं विसरते.
कोपऱ्यात नाक खुपसून
डोकं डावीकडे, उजवीकडे डोलवत बसते.
उचलावंसं वाटतं. उचलत नाही.
उचललं की कुठून आली तेही हरवतं.
भाकरीचा कुटका ताटलीवर वाजवतो,
एवढंच.

शालन पहिल्यापासून म्हणते,
अख्ख्या वडगावात उंदराचे लाड करणारं
हे एकच खुळं घर.
तिनं इलीला कधी हातात घेतलं नाही,
आजही घेत नाही.
काल मध्यरात्री जाग आली. वीज गेलेली, माग गप्प.
अंथरुणात ती नव्हती.
संध्याकाळी पाव्हण्यांसाठी सरकवलेली
कांड्यांची टोपली ती चाचपत होती.
चार बोटं मागे नेली,
थांबली, पुन्हा एक बोट पुढे.
मग वाकून काहीतरी म्हणाली.

मला ऐकू आलं नाही.
अंधारात ओठही दिसले नाहीत.
काठाकाठानं काहीतरी पांढरं
तिच्या पायांकडे निघालं होतं.