लिहिलेली पानं

मालवाहू बोट सहा दिवस हलली
आणि सातव्या दिवशी कप्तान म्हणाला, ते बघ.
मला काही दिसेना.
मग क्षितिजावर काजळाचं बोट ओढल्यासारखी
एक रेघ, माडांची.
खाली जमीन आहे की नाही, पत्ता नाही.

वहीत मी बोटीवरच लिहून ठेवलं होतं:
इथे अजून कुणी आलेलं नाही.

कुणी म्हणजे कोण,
हे होडीतून उतरताना कळलं.
किनाऱ्यावर साठ-सत्तर माणसं,
तीन डुकरं, एक पाद्री,
आणि "मौरी, मौरी" म्हणत
माझी पाठपिशवी माझ्याआधी गावात चालू लागली.

पाण्याचा रंग लिहायला बसले.
चिंतामणी लिहिलं, खोडलं.
मोरपंखी लिहिलं, खोडलं.
शेवटी लिहिलं, उथळ आहे.

रात्री मानेआबात निजले, गावाच्या बैठकीच्या छपराखाली.
रोकोआ (दात चार, वय विचारलं तर तेच दाखवतो)
वाशांकडे बोट करून काहीतरी म्हणाला.
बुरेंता दुभाषी, इयत्ता सहावी,
तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा सावकाश आणि बरं.
तो म्हणतो, हे आभाळ आहे.
हा वासा कृत्तिका, त्या अंगाला ज्येष्ठा.
त्याच्या आजानं त्याला इथेच उताणं निजवून
समुद्र शिकवला,
भर दुपारी.

पहाटे झाडांच्या शेंड्यांतून गाणं आलं.
वर माडी काढणारे गातात,
खालच्यांना कळावं की वर माणूस आहे.
मी भारावून मान वर करून उभी.
बुरेंतानं दंडाला धरून बाजूला ओढलं:
सुरी निसटते कधीकधी.

नेई तेराबा रोज बाबाईच्या खड्ड्यात उतरते,
हत्तीच्या कानाएवढ्या पानांखाली वाकते,
पाण्यात बोट बुडवून चाखते.
काही बोलत नाही.
बोट लुंगीला पुसते, वर येते.

चौथ्या दिवशी बुबुसी सुरू झाली.
बुबुसी म्हणजे मागणं. आपल्या माणसानं मागितलं
की द्यायचं, बस्स.
मी आपली कधी झाले, मला कुणी सांगितलं नाही.
नेई तेराबानं बूट मागितले, जावयासाठी. दिले.
टॉर्च गेली. मच्छरदाणी गेली, ती मासे धरायला.
मग रोकोआनं वही मागितली.

माझा चेहरा उतरलेला त्याला दिसला असावा.
त्यानं पानं चाळली,
लिहिलेली तेवढी अलगद फाडून घेतली
आणि कोरी मला परत दिली.
बुरेंता म्हणाली, कोऱ्यांवर गणितं करता येतात.
लिहिलेली तर वापरून झालीत ना.

त्यानं तंबाखू भरून पहिली विडी वळली.
अक्षर माझंच होतं,
"अजून कुणी आले" एवढं बाहेर,
"लं नाही" आत, तंबाखूत.
शिलगावली. एक झुरका मला दिला.
ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं,
अख्खा किनारा हसला,
पाद्रीसुद्धा.

आता तू माग, बुरेंता म्हणाली.
काय मागावं?
इतकी वर्षं फिरतेय, पासपोर्टात जागा उरली नाही,
पण मागायचं कधी जमलं नाही,
फक्त विकत घेतलं किंवा टिपून घेतलं.
तळवे प्रवाळावर कापलेले.
म्हटलं, चपला.

रोकोआ घराच्या आढ्यावरून घेऊन आला:
समुद्रानं आणून टाकलेल्या,
एक निळी, एक लाल,
दोन्ही डाव्या पायाच्या.

बोट मंगळवारी येईल, किंवा पुढच्या महिन्यात.
तोवर मी त्याच घालून हिंडते.
कुणाच्या दारात बोलावलं की क्षणभर थबकते;
उजवा पाय आधी टाकावा, हे आईनं शिकवलेलं.
माझ्याकडे उजवा उरलेलाच नाही.
तशीच आत जाते.