पिरोश

सेगेद. तिसा नदीवर धुकं, सकाळचे पावणेआठ.
वेंडेल काका बाही दुमडून बसलेत;
म्हणजे बाही त्यांच्या बायकोने दुमडली,
ते नुसता हात पुढे करून आहेत,
शाळेत छडी खायला करावा तसा.

चाळीस वर्षं पुस्तकं बांधली त्यांनी.
पाठीला सरस किती लावायचा, बोटांना अजून ठाऊक.
माझ्या नोंदवहीचा सुटलेला कोपरा
अंगठ्याने दाबत राहतात.
मला मात्र दर खेपेला नव्याने भेटतात.

मी सुई टोचते. जांभळ्या बुचाची नळी.
ती विचारते, विसरणं डोक्यातलं, मग रक्त हातातलं का?

मला जेवढं कळतं तेवढं सांगते:
तांबड्या पेशीला एक साल असते, स्निग्ध,
सायीहून कितीतरी तलम.
ती मऊ असली की पेशी अंगाची घडी घालून
आपल्याहून अरुंद बोळातून निघून जाते.
काही आजाऱ्यांत ती ताठरलेली दिसते.
आजारामुळे की आजाराच्या आधीपासून,
तेच तर शोधतोय.

"सरस वाळला की पानं उलटत नाहीत,"
ती म्हणते. "ईस्टरपासून नाव घेतलं नाही माझं."

आता नोव्हेंबर. मी मनात हिशेब करते:
पेशीचं आयुष्य चार महिने.
ज्या रक्ताने तिला शेवटची हाक मारली
ते प्लीहेत केव्हाच मोडीत निघालं.
हे बोलत नाही.
हेही नाही, की ही पेशी मज्जेतून निघतानाच
आपलं केंद्रक टाकून येते,
आणि काही न आठवता
सगळ्या दारांशी प्राणवायू पोचवते.

नळी मी हलक्या हाताने उलटीसुलटी करते, आठ वेळा.
काका बघत असतात. तिच्याकडे. नळीकडे.
"पिरोश," म्हणतात.

पिरोश म्हणजे आमच्या भाषेत लाल.
बायकोचं नाव पिरोश्का.

ती खुर्चीच्या कडेवर आलेली.
आम्ही दोघी थांबतो. उरलेलं एकच अक्षर,
का,
येत नाही.

नळीवर मी आकडा चिकटवते, नाव लिहायचं नसतं.
गाळणीची भोकं पाच मायक्रॉनची;
दुपारी कळेल, किती जणी
अंग चोरून पलीकडे उतरतात.

ती त्यांची बाही खाली करते,
मनगटाचं बटण लावते.
"हो," म्हणते,
"मीच."