दोघींना चालेल असा देश

वहीत मधोमध उभी रेघ मारली.
डावीकडे माझ्या पासपोर्टला चालणारे देश,
उजवीकडे अरवाच्या.
डावी बाजू दीड पान झाली,
उजवी दोन्ही हातांच्या बोटांवर मावली.
दोन्हीकडे असलेले फक्त चार.
त्यातल्या एकात सध्या गोळीबार,
एकाचा उच्चार आम्हाला दोघींनाही येईना,
आणि एका ठिकाणी जायचं तर वाटेतल्या विमानतळावर
नुसतं बाकावर बसून राहायलाही तिला व्हिसा हवा.
मला नको.
हे सांगताना मी आवाज उगीच खाली आणला,
पंगतीत आपल्याच पानावर तूप जास्त पडावं तसा.

सयाजीगंजातल्या हेमांगभाईंच्या टेबलावर
काचेखाली नऊ देशांची नाणी.
माझे कागद त्यांनी पत्त्यांसारखे पिसले.
सहा महिन्यांचं बँकेचं पान, रिटर्न, घरपट्टी.
‘ताई, तुमचं तर रमत-रमत थई जाशे.’
मग अरवाच्या पासपोर्टची झेरॉक्स.
पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
‘येमेन,’ म्हणाले,
आणि मुलाला चहा सांगितला.
चहा आला की समजायचं.

फॉर्मवर विचारतात: भेटीला जाणाऱ्या व्यक्तीशी नातं?
रक्ताचं, लग्नाचं, धंद्याचं. तीनच चौकोन.
सत्याण्णव साली कलाभवनाच्या मागच्या वर्कशॉपात
एक दगड दोघींनी मिळून उचलायचा असे,
तिच्या बाजूला जड, माझ्या बाजूला ओला.
आधीच्या मुलीचं चित्र घासून काढायला
अख्खी दुपार वाळू फिरवायची,
तरी पहिल्या छापात कुणाचं तरी कोपर उमटायचंच.
हे कुठल्या चौकोनात?
ती फतेगंजातून सायकलवर दांडियाबाजारला यायची,
आईला विचारायची, ‘काकू, जेवला का?’
आई म्हणायची, ‘जेवलात का, म्हण,’
आणि पोरीला पुन्हा वाढायची.
सेव-उसळीची तर्री पिऊन नाक पुसत म्हणाली होती,
एडनला माझी आजीसुद्धा इतकी दुष्ट नाही.

आता एडनही नाही. कैरोत, चौथ्या मजल्यावर,
दर सहा महिन्यांनी नवा होणाऱ्या एका परवान्यावर.
‘तू इकडे ये,’ ती म्हणते,
‘पण मी घर बदलते आहे, कदाचित शहर,
कदाचित तू येशील तेव्हा मी रांगेत असेन.’
‘मग तू बडोद्याला ये,’ मी म्हणते.
दोघी हसतो.
तिचा तो अर्ज तीनदा परत आला आहे.

पुन्हा एक कलम: परत याल याचा पुरावा.
काय जोडू?
मागच्या पुरात विश्वामित्रीतून मगर आली,
आमच्या गल्लीतून स्कूटर्सच्या मधून चालत
पानवाल्याच्या पायरीवर जबडा टेकून बसली.
तिला कुणी विचारलं नाही किती दिवस थांबणार.
खात्याची माणसं आली, दोरी टाकली,
सोडली पुन्हा तिच्या पाण्यात,
आणि सगळ्यांनी मोबाईल खाली केले.
मीही अशीच परत येईन, साहेब.
पण असं लिहायचं नसतं.
मी लिहिलं: स्वतःचं घर, वय वर्षं पन्नास, वृद्ध आई.
आई म्हणाली, वृद्ध खोड.

फोटो तीनदा काढला.
एकदा कान दिसेना, एकदा पाठीमागचं पांढरं
त्यांच्या पांढऱ्याइतकं पांढरं नव्हतं.
तिथून अरवाने पाठवला तिचा.
केस पांढरे झालेत.
हसायची परवानगी नसल्यामुळे
ती अगदी वर्कशॉपातल्यासारखी दिसते,
छाप उचलायच्या आधी श्वास रोखून.

शेवटी तो उच्चार न येणारा देश धरला.
रोज रात्री फोनवर त्याचं नाव म्हणून बघतो.
ती शेवटचं अक्षर खाते, मी पहिलं.
हॉटेल बुक केलंय, रद्द करता येणारं.
दोन खाटांमध्ये खिडकी हवी, असं कळवलंय.

तिच्यासाठी लीलो चिवडा आणून ठेवला होता.
पुडीवर लिहिलंय: चाळीस दिवसांत संपवावा.
वकिलातीचं पत्र म्हणतं: साधारण साठ, अधिकही लागू शकतात.
आज पुडी फोडली.
आईने वाटी पुढे केली.
दुसरी आणू, म्हणाली, तारीख कळली की.