काटा

मोंढ्यात तुरीच्या आडत्याचा काटा
खोलून बसलो होतो.
केंद्रे हवालदार म्हणाले, पांचाळ,
ग्रॅमचा काटा घ्या अन् चला. पंच व्हायचंय.
मला वाटलं, गांजा असेल.

चौबाऱ्यामागच्या बोळात मैनोद्दीन चाऊस यांची गच्ची.
कॉलेजातून रिटायर झालेले लॅब असिस्टंट.
तेलाच्या डब्यांत, कान तुटलेल्या कपांत
दोनशे निवडुंग,
प्रत्येकाला पट्टी, पट्टीवर पेन्सिलीनं नाव.
त्यातलं एकच हवं होतं.
एक्क्याण्णव साली बेंगलोरहून आलेलं,
तेव्हा बोरासारखं,
आता भाकरीच्या उंड्याएवढं, राखेरी हिरवं.
पुतण्यानं मोबाइलवर फोटो टाकला होता,
खाली लिहिलं होतं : चाचाचं जन्नतचं झाड.

केंद्रेंनी बोट फिरवून पाहिलं.
ह्याला काटे कुठंयत?
काट्यांच्या जागी कापसाची चिमूट होती नुसती.

चाऊस म्हणाले, त्या मुलखात ह्याला आजोबा म्हणतात साहेब.
कापण्याआधी माफी मागतात,
मूळ जमिनीत ठेवतात,
रात्रभर विस्तवाभोवती बसतात. दुखणं उतरतं म्हणे.
मनातलंसुद्धा.
आणि तुम्ही?
मी पाणी घातलं. तीस वर्षं.
चाखलं नाही कधी, लई कडू असतं,
आणि चाखायचं तर वाढवायचं कशाला?

फौजदारांनी पुस्तक चाळलं.
गांजाचं झाड होतं, अफूचं होतं,
ह्या झाडाचं नाव नव्हतं.
ह्याच्या आतल्या अर्काचं होतं.
मग झाड धरायचं का अर्क?
अर्क तर झाडातच आहे, केंद्रे म्हणाले.
फौजदार बराच वेळ काही बोलले नाहीत.
ठाण्याच्या कंपाउंडला धोतरा माजलाय हातभर,
शिवरातीला पोरं तोडून नेतात पिंडीवर घालायला,
हे मला आठवलं. मी गप्प बसलो.

वजन करा.
कुंडीसकट का कुंडीवेगळं?
मातीसकट का माती झाडून?
चाऊस घाईनं म्हणाले, मुळाला हात लावू नका, उन्हाळाय.
सकटच झालं.
सहाशे बारा ग्रॅम, कुंडी आणि मातीसह.
माझी सही. चपलांच्या दुकानवाल्या गोविंद सोनटक्केची सही.

लहानपणी मला डांग्या खोकला झाला होता.
आईनं बांधावरच्या फड्या निवडुंगाची बोंडं
विस्तवावर भाजून, कुसं घासून, रस पाजला.
जीभ दोन दिवस लालभडक.
तो निवडुंगही त्याच मुलखातला,
चाऊसनीच सांगितलं, जिना उतरताना.
त्याला कुणी कागद विचारले नाहीत.

मुद्देमालाच्या खोलीत हातभट्टीचे कॅन,
बिनचेसिसच्या मोटरसायकली, एक कोयता,
आणि खिडकीत हे.
लेबलवर गुन्हा नंबर, कलम, तारीख,
त्याखाली केंद्रेंच्या अक्षरात :
पाणी दर अमावस्येला, अर्धा ग्लास.

दोन वर्षांनी समन्स आलं.
तपासणीचा अहवाल आला नव्हता, तारीख मात्र आली होती.
कोर्टानं पुन्हा वजन करायला लावलं. माझाच काटा.
सहाशे चाळीस.
वकिलांनी झडप घातली :
मुद्देमालात अठ्ठावीस ग्रॅम वाढले कसे?
बदलला? भेसळ केली? का काटा खोटा?

माझ्या काट्याला दरसाल शिक्का असतो.
बापाच्या वेळेपासून.
मी म्हणालो, साहेब, काटा खरा आहे.
अमावस्या कालच झाली. अर्धा ग्लास
मातीतच असेल अजून.
आणि थोडं,
किती ते मला सांगता येणार नाही,
ते जिवंत आहे.

टाइपिस्ट थांबला. हे घ्यायचं का, म्हणून वर बघू लागला.
पुढची तारीख पडली.

बाहेर कडुनिंबाखाली चाऊस उभे होते,
लांबून बघितलेलं पुरलं नसणार.
निकालाचं विचारलं नाही.
मे महिन्यात एक फूल येतं त्याला, म्हणाले,
फिकं गुलाबी, मधोमध, त्या कापसातून.
खिडकीत ऊन येतं का हो तिथं?

मी म्हणालो, केंद्रेंना विचारतो.