सूत गोड होणे

लिटमस संपलं की मी घरून हळदीच्या पट्ट्या आणते.
तांडापेठेतल्या आमच्या शाळेचं सामान
मार्चमध्ये मागितलं तर दिवाळीनंतर येतं.

पट्टी साबणाच्या पाण्यात बुडाली की
विटेसारखी लाल.
पोट्टे ओरडतात, "मॅडम, रक्त!"
मी मॅडम नाही, परिचर आहे.
सांगत बसत नाही.

लिंबाच्या रसात ती पिवळी,
नळाच्या पाण्यातही पिवळीच.
हळदीला आंबट कळत नाही,
किंवा कळतं आणि ती बोलत नाही.
चुन्यापुढे मात्र तिचा तोल जातो.

बा रंगारी होते.
गोळीबार चौकामागे, टिनाच्या शेडमध्ये
कॉस्टिकच्या हौदातून लडी उपसायचे,
बुळबुळीत बोटं, झिजून गेलेली नखं.
मग तेजाबाचे थेंब टाकलेल्या पाण्यात एक बुडी,
साध्या पाण्यात दोन,
आणि ओल्या सुताचं टोक जिभेला.
आंबट नाही, तुरट नाही, निसरडं नाही.
"गोड झालं," म्हणायचे.
साखर कुठेच नव्हती.

पुस्तकात याला उदासीन म्हणतात.
मला हा शब्द अजून पटलेला नाही.

खर्ऱ्यातल्या चुन्याने त्यांची जीभ
सुताआधीच पांढरी झाली.
मी आठवीत असताना
लडी माझ्यापुढे धरायचे : "तू सांग वं."
मी सांगायचे.
एका संध्याकाळी खेळायला पळायचं होतं,
जीभ न लावताच म्हटलं, गोड.

आत तेजाब राहिलं होतं.
बारा लुगडी घडीवर विरली,
उन्हाळा संपायच्या आत.
मालकाने मजुरी कापली.
बा मला काही बोलले नाहीत,
फक्त त्यानंतर लडी
दोनऐवजी चार पाण्यांतून काढू लागले.

आज दहावीचं प्रात्यक्षिक.
चंचुपात्रात गुलाबी अल्कली,
वर ब्युरेटमध्ये आम्ल.
हर्षिका धकाते तोटी फिरवते,
थेंब, थेंब,
गुलाबी फिकट होत जातो, परत येतो.
"मावशी, झालं का?"
"नाही अजून."
"आता?"
एक थेंब काचेच्या टोकाशी लोंबतो आहे.
माझी जीभ आपोआप दातांपर्यंत येते.

भिंतीवर पाटी आहे :
कोणत्याही द्रावणाची चव घेऊ नये.
ती मीच रंगवली आहे,
दोन हात देऊन.