अकरा मैल

काऊन्सिलच्या फॉर्मात एक रकाना आहे:
काय काय बिघडू शकतं?
मी लिहिलं, पंक्चर. मेंढ्या. ओला उतार.
उन्हाने कुणाला भोवळ
(वेल्समध्ये ऊन, पण लिहावं लागतं).
पुढचा रकाना: जास्तीत जास्त वाईट काय होईल?
तिथे पेन अडलं.
ते होऊन गेलंय, हे लिहायला
जागा दीडच ओळ होती.

मला सायकल येत नाही.
गेथिनने एकदा शिकवायला घेतलं होतं,
चॅपलमागच्या उतारावर.
माझं कोपर अजून सांगतं ती गोष्ट.
तरी यादी माझ्याकडे, शिट्ट्या माझ्याकडे,
पिवळी जाकिटं माझ्या मागच्या सीटवर,
आणि रात्री अकराला फोन मला:
"नेरिस, कुत्रा आणला तर चालेल का?"

मशीन अकरा मैलांवर होतं.
हृदयाला झटका देऊन परत हाक मारणारं मशीन,
तालुक्याच्या दवाखान्यात, भिंतीवर, झाकण बंद.
गाडी एकोणतीस मिनिटांत आली.
कुणाची चूक नाही, सगळे म्हणाले,
रस्ताच तसा आहे.
म्हणून मी रस्ताच निवडला.
दवाखान्याच्या दारातून निघायचं,
खिंड चढायची, आमच्या गावात उतरायचं.
जे आलं नाही वेळेवर
ते आता त्रेसष्ट माणसांनी
हळूहळू घेऊन यायचं.

आदल्या गुरुवारी टी-शर्टांचा खोका आला.
त्रेसष्ट छात्या, आणि प्रत्येकीवर
माझ्या भावाच्या नावातलं एक अक्षर गळलेलं.
मी छापखान्याला फोन लावला, आवाज चढवला,
मग नुसतीच धरून बसले रिसीव्हर.
आईने एक टी-शर्ट उचलला, उजेडात धरला,
म्हणाली, "परत पाठव सगळे."
मग खुर्चीत बसली
आणि हसू लागली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.
हसता हसता चष्मा काढून मांडीवर ठेवला.
"पोस्टमन होता गं तो.
चुकीच्या नावाची पत्रं
जन्मभर बरोबर दारात टाकली त्याने."

टी-शर्ट तसेच वाटले.

सकाळी धुकं खिंडीत ठाण मांडून.
मिसेस प्रॉथेरोने मनुकांचा पाव कापला,
लोणी असं लावलं की जणू सायकली लोण्यावरच चालतात.
शाळेतली पोरं पुढे सुसाट,
मेंढपाळ इवान त्याच्या बायकोच्या सायकलवर,
टोपलीत खरोखरच कुत्रा.
मी सगळ्यात मागे, व्हॅनमध्ये,
ताशी चार मैल,
दमलेल्यांना उचलून घ्यायला.
गेथिनही मागेच राहायचा दर रविवारी.
पुढच्यांना वाटायचं, याचे पाय थकतात.
मागच्यांना माहीत होतं.

त्या वळणावर आम्ही काही ठेवलेलं नाही.
पाटी नाही, फुलं नाहीत.
फुलं मेंढ्या खातात.
मी कुणाला सांगितलंही नाही हेच ते वळण,
पण नेमका तिथे इद्वल उतरला.
चौऱ्याहत्तर वर्षांचा, चेहरा बीटसारखा.
माझ्या छातीत काहीतरी
फॉर्मातल्या त्या रकान्याइतकं अरुंद झालं.
काच खाली केली.
"गुडघे," तो म्हणाला. "नुसते गुडघे, पोरी. तू हो पुढे."
"नाही जमायचं. मागे राहणं हेच काम आहे माझं."
तो कठड्याला टेकला.
खिशातून पावाचा तुकडा काढला, अर्धा मला दिला.
खाली दरीत पिवळे ठिपके वळत होते,
कुणीतरी घंटी वाजवत होतं उगाचच.
इंजिन बंद केलं मी.

चॅपलच्या भिंतीवर आता
एक हिरवी पेटी आहे.
येता-जाता आई तिला हात लावून पाहते,
दुधाच्या भांड्याला लावावा तसा,
गरम आहे का बघायला.

इद्वलला उठायला
बराच वेळ लागला त्या दिवशी.
मी घड्याळ पाहिलं नाही.