धुक्याचे तास

बेथेलला पहाटेपासून धुकं बसलंय,
उठायचं नाव नाही.
विमानात डायपरचे खोके, सोड्याचे कॅन,
कुणाच्या तरी स्नोमोबाइलचा पट्टा,
आणि एक केक, जो मी मांडीवर घेऊन उडणार आहे.

पगाराचं घड्याळ पंखा फिरला की सुरू होतं.
तोवर मी इथे आहे, पण हिशोबात नाही.
पंखांवरचा बर्फ खरवडला, माल चढवला,
जाळी आवळताना बोटं सोलली:
हे सगळं उडण्याआधीचं,
म्हणजे फुकटचं.

प्रशिक्षणाचं कर्ज मात्र धुक्यातही वाढतं.
त्याला समोरचं दिसावं लागत नाही.

कॅप्टन नास्तासिया थर्मासचं झाकण पुढे करते.
बावीस हिवाळे झाले तिला या नदीवर.
सिम्युलेटरमध्ये शिकलो इंजिन बंद पडलं तर काय करायचं.
ती शिकवते बसून राहायला.
"ती टेकडी दिसली, तर जायचं.
दिसल्यासारखी वाटली, तर नाही."

दुपारी एकला
टेकडी दिसल्यासारखी वाटते.
मी तिच्याकडे बघतो.
ती खोक्याच्या झरोक्यातून केकवरचं नाव वाचतेय:
आग्राफेना, वय सात.

"उद्या सात वर्षं एक दिवस होईल,"
ती म्हणते,
आणि कॉफी ओतते.